घंटा मालकाची, भिंत मालकाची

चित्राताईने पब विकत घेतला तो एका फोटोसाठी.

लोक वेगळं सांगतात. गावातले म्हणतात, बिल्डर जागा पाडून फ्लॅट बांधणार होता, तिने पब वाचवला. मेलबर्नच्या मराठी मंडळात म्हणतात, शिकून-सवरून लग्न केलं नाही, मग दारूचं दुकान थाटलं. ताई दोघांनाही हो म्हणते. मलाही बरेच दिवस खरं माहीत नव्हतं.

मी पुण्यात साहित्यात एम.ए. केलं आणि पुढच्या पदवीसाठी मेलबर्नच्या क्लेटन उपनगरात आले. युनिव्हर्सिटीजवळच्या घरात माझी रूममेट लीना होती. ती शनिवार-रविवार हार्कर्स बे या समुद्रकाठच्या गावात एका पबमध्ये कामाला जायची. तिला शहरात नोकरी लागली आणि तिची शिफ्ट माझ्याकडे आली. आधी ट्रेन, मग बस, मग वाऱ्यात चढ. टेकाडावर कॉर्मरंट हॉटेल. इथे जुन्या पबला हॉटेलच म्हणतात. वर खोल्या आहेत, पण पाहुणा कोणी उतरत नाही. एकीत ताई राहते. शनिवारी दुसरीत मी.

पहिल्या दिवशी तिने दारातच माझा हात धरला. आत शिरल्या शिरल्या डोक्यावर एक पितळी घंटा आहे. तिला जाड दोर. माझा हात वर गेला होता.

"वाजवायची नाही."

"सॉरी. देवळात कसं आपण..."

"माहितीये. म्हणूनच दारात उभी राहिले."

ती हसली नाही. हात सोडला आणि मला बटाटे सोलायला पाठवलं.

घंटेची गोष्ट मला नॉर्माने सांगितली. नॉर्मा रोज दुपारी खिडकीत बसते. लेमोनेड घातलेली बिअर पिते आणि सगळ्यांना 'डार्ल' म्हणते. तिची आजी अ‍ॅग्नेस या पबची मालकीण होती. जिन्याच्या भिंतीवर मालकांची चित्रं ओळीने लावली आहेत. त्यात ताईच्या आधीची बाई तेवढी एकच.

"पहिला हार्कर," नॉर्मा म्हणाली. "त्याचं जहाज त्या खडकांवर फुटलं. घंटा वाचली, तो वाचला. बाकी फारसं काही नाही. त्याने इथे पब काढला आणि घंटा दारात टांगली. धुकं पडलं, कुणाची होडी अडकली, की रस्त्यावरून धावत येऊन कोणीही ती वाजवायची. पुरुष ग्लास टाकून समुद्राकडे पळायचे."

"मग?"

"मग कुणीतरी गंमत म्हणून वाजवली. लोक धुक्यात गेले. एक होडी परत आली नाही. तेव्हापासून नियम. घंटा मालकाने वाजवायची. कुणाला मदत हवी असेल तर त्याने मालकाला हाक मारायची. उगाच कोणी वाजवली तर त्याने त्या पिंपावर चढायचं, हार्करची टोपी घालायची आणि खडकावरच्या सीलसारखं भुंकायचं. हाताचे पंखे हलवून. सगळ्यांसमोर."

"आणि अनोळखी माणसाने वाजवली तर?"

नॉर्माने माझ्याकडे नीट पाहिलं. "चिट्सनेही मला हेच विचारलं होतं. अनोळखी माणसाला माझी आजी गरम रम द्यायची. तो समुद्रातून आलेला असू शकतो ना, डार्ल. त्याला नियम कुठे माहीत. जो नियम जाणतो, तोच पिंपावर."

चिट्स म्हणजे चित्राताई. चित्रलेखा म्हणणं इथे कुणाला जमलं नाही.

अ‍ॅग्नेसच्या काळात कायद्याने पब संध्याकाळी सहाला बंद व्हायचे. ती सहाला घंटा वाजवायची. नंतर कायदा गेला, पण सहाची घंटा राहिली. आजही ती झाली की म्हातारी माणसं कोट चढवून जेवायला घरी जातात. अ‍ॅग्नेसनंतर डॉइल आला. पिंपावर चढणाऱ्यांचे फोटो काढून बारच्या मागे लावायची पद्धत त्याची. डॉइलनंतर कीथ. कीथनंतर ताई.

ती फोटोंची भिंत मी ग्लास पुसताना पाहायचे. दारू चढलेले कोळी, एक नवरदेव, एक पोलीस, फुटबॉलची अख्खी टीम. सगळे टोपी घालून, तोंड वासून. सगळ्यांच्या डोळ्यांत हसू. एका फोटोत मात्र एक सावळा, बारीक माणूस होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. हात पंख्यासारखे पसरलेले. पायात नुसते मोजे. खाली पितळी पट्टी. तिच्यावर लिहिलं होतं, 'इंडियन सील'.

"ताई, हे कोण?"

"माझे बाबा," ती म्हणाली आणि ट्रे उचलून आत गेली.

*

पुढचं तिने एका सोमवारी सांगितलं, मला सुट्टी होती आणि मी तिथेच राहिले होते. सोमवारी पब बंद असतो, बिअरच्या नळ्या धुतात. ती बादलीत नळ्या धरून बसली होती आणि बोलत होती. माझ्याकडे बघत नव्हती.

"बाबा मिरजेला भूगोलाचे मास्तर. फळ्यावर ऑस्ट्रेलियाचा नकाशा न बघता काढायचे. टास्मानिया काढायला कधी विसरले नाहीत. मी इथे शिकायला आले, सुट्टीत या पबमध्ये भांडी घासायला लागले. तेव्हा ते रिटायर झाले आणि मला भेटायला आले. आई आली नाही, तिला विमानाची भीती. बाबांना सिडनी नको होतं, ऑपेरा हाऊस नको होतं. म्हणाले, बासची सामुद्रधुनी आयुष्यभर शिकवली, एकदा हात लावून येतो."

"लावला?"

"सकाळी. पँट वर करून पाण्यात उभे राहिले. चव घेतली. म्हणाले, खारट आहे, पुस्तकात बरोबर लिहिलंय. मग दुपारी म्हणाले, तुझी नोकरीची जागा बघतो."

शनिवारची दुपार होती. फुटबॉलची मॅच नुकतीच संपली होती. पब भरलेला. ताई आत सिंकपाशी होती. बाबा एकटेच पुढच्या दाराने आले. डोक्यावर घंटा दिसली. हात वर गेला. त्यांनी ती एकदाच वाजवली, हात जोडले आणि क्षणभर डोळे मिटले.

"मी आतून ऐकली. मला वाटलं, सहा वाजले. मग आरडाओरडा झाला. ओल्या हातांनी बाहेर आले तर बाबा पिंपावर. कीथने त्यांच्या डोक्यावर टोपी घातली होती. हात असे हलवा म्हणून दाखवत होता. बाबांना वाटलं ही स्वागताची पद्धत आहे. आपण नाही का पाहुण्याला नारळ देत. त्यात ते शाळेची नाटकं बसवायचे. अर्धवट करायचं माहीत नाही त्यांना. ते फार छान भुंकले, रुचा. सगळ्यात वाईट तेच."

"आणि मोजे?"

"बूट काढून चढले. पिण्याच्या वस्तूवर बूट घालून कसं चढायचं, म्हणून. खाली नीट जोडीने ठेवले होते."

नळीतून पाणी निघत होतं. ती ते बघत राहिली.

"उतरताना त्यांनी हात पुढे केला. कोणीतरी धरेल म्हणून. सगळे हसत होते, कुणाचं लक्ष नव्हतं. त्यांनी उडी मारली. चष्मा पडला. उचलला, शर्टाला पुसला, घातला. मग मी दिसले. मी हसत नव्हते. मग त्यांनी वळून एकेक चेहरा पाहिला. मास्तर माणूस. वर्गात कोण कशाला हसतंय ते त्यांना पाठीमागूनही कळायचं. मला म्हणाले, मजा आली."

बाबा परत गेले. पुन्हा आले नाहीत. ऑस्ट्रेलियाचं नाव काढलं की म्हणायचे, छान देश आहे, समुद्र छान आहे. मग एकदा आईने फोनवर सहज सांगितलं, 'अगं, हे हल्ली देवळात घंटा वाजवत नाहीत. नुसते हात जोडून आत जातात. विचारलं तर म्हणतात, कशाला आवाज.'

"फोन ठेवला आणि मी कीथकडे गेले," ताई म्हणाली. "म्हटलं, तो फोटो काढ. ते माझे वडील आहेत. त्यांना नियम माहीत नव्हता. तो ग्लास पुसत होता. म्हणाला, घंटा मालकाची, भिंत मालकाची, चिट्स. तू मालक झालीस की काढ. बारवरचे सगळे हसले. चांगला जोक होता. तोच हसला नाही. त्याला जोक मारल्याचंही कळलं नसेल. पुढचा ग्लास पुसायला घेतला."

"मग तू नोकरी का सोडली नाहीस?"

"कारण त्याने मला पद्धत सांगितली होती."

 तिने नळी बादलीतून काढली आणि झटकली.

*

त्यानंतर तिने फोटोबद्दल एक शब्द काढला नाही. पदवी घेतली आणि ती कपाटात ठेवली. सिंकवरून शेगडीवर गेली, शेगडीवरून बारवर. दारू विकायचा परवाना काढला. मंडळाच्या गणपतीत बायका विचारायच्या, 'अय्या, अजून तिथेच?' ती मोदकाचं पीठ मळत म्हणायची, 'हो, तिथेच.' कीथचे गुडघे गेले, बायको गेली, हिशेब ताईकडे आला, मग माणसं ताईकडे आली. कोणता कोळी कधी भांडतो, कुणाला तिसऱ्या ग्लासनंतर घरी पाठवायचं, सगळं तिला ठाऊक. रोज त्या फोटोखाली उभं राहून तिने हे केलं.

शेवटी कीथ विकायला निघाला. बिल्डर आला. गाव घाबरलं. ताईने बँकेत जाऊन कर्ज मागितलं. कीथने पब तिलाच दिला. गावात सांगत फिरला, 'ही मुलगी इतकी वर्षं राहिली, कधी तक्रार केली नाही. चिट्ससारखं माणूस मिळत नाही.'

मालकाचं नाव दारावर रंगवतात. रंगारी म्हणाला, चित्रलेखा पाटणकर एवढं पुरे. ती म्हणाली, पूर्ण लिहा. चित्रलेखा नरेंद्र पाटणकर. नरेंद्र म्हणजे बाबा. कीथ म्हणाला, "इतकं लांब नाव, मेट?"

"मावेल," ती म्हणाली.

मी त्या सुमारास कामाला लागले होते. सगळं ऐकल्यावर मी वाट बघत होते, ती फोटो कधी काढते. एका शनिवारी गेले तर तो तिथेच. दुसऱ्या शनिवारी तिथेच. उलट तिने त्याच्या शेजारचे दोन फोटो काढून दुसरीकडे लावले होते. बाबांच्या उजवीकडे आता रिकामी भिंत होती.

"ताई, तू मालक झालीस. काढ ना."

"एवढ्यात नाही."

"मग कधी?"

"शेजारी जागा केलीये, दिसली नाही?"

मला दिसली. ती कुणासाठी, तेही मला तेव्हा कळलं.

या पबची आणखी एक पद्धत आहे. निवृत्त मालकाला बारच्या टोकाचं, दाराजवळचं स्टूल मिळतं आणि रोजचा पहिला ग्लास फुकट. ते स्टूल बरोबर घंटेखाली आहे. ताईने ती पद्धत कटाक्षाने पाळली. कीथसाठी स्टूलवर उशी घातली. गुडघ्यासाठी पाय ठेवायला फळी ठोकून दिली. गाव म्हणालं, बघा, बापासारखं बघते त्याच्याकडे.  नॉर्मा नुसती बिअर पीत ताईकडे बघत असायची.

आणि ताई सहाची घंटा उशिरा वाजवू लागली.

आधी माझ्या लक्षात आलं नाही. मग घड्याळ बघून मीच म्हटलं, "ताई, सहा वाजून गेले."

"माहितीये."

"वाजवायची ना?"

"वाजवते."

ती ग्लास पुसत राहिली. कीथ घड्याळाकडे बघत होता. त्याच्या उजव्या हाताची बोटं बारवर आपटत होती. ती बोटं इतकी वर्षं सहाला दोराकडे जात आली होती. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की आता थांबायचं. ताई त्या बोटांकडे बघत होती. मग सावकाश आली, त्याच्या डोक्यावरून हात नेला आणि घंटा वाजवली.

"उशीर झाला, चिट्स," कीथ म्हणाला.

"नो वरीज," ताई म्हणाली.

दर शनिवारी-रविवारी असंच. कधी थोडा उशीर, कधी जास्त. कधी बरोबर वेळेवर, म्हणजे त्याला सवय होऊ नये. मी पुण्यात सूडाच्या कितीतरी कथा वाचल्या होत्या. त्यांत तलवार असायची, विष असायचं. पुसलेला ग्लास पुन्हा पुसणारी बाई मी कुठे वाचली नव्हती.

*

जुलैतला, म्हणजे इथल्या ऐन थंडीतला रविवार. बाहेर धुकं, आत शेकोटी. पब भरलेला. शहरातून आलेली काही कुटुंबं होती, फुटबॉलची पोरं होती. नॉर्माने कोट मांडीवर घेतला होता. सहा व्हायला आले.

"मी खाली जाऊन बिअरचा केग बदलते," ताई म्हणाली. तळघराचा जिना बारच्या मागे आहे. ती उतरली.

सहा वाजले. नॉर्माने कोटाची एक बाही घातली आणि थांबली. दोनचार म्हाताऱ्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग घंटेकडे, मग माझ्याकडे. मी काय करणार?

"चिट्स कुठे?" कीथने विचारलं.

"खाली. केग."

"हं."

त्याची बोटं वाजू लागली. शेजारच्या माणसाने त्याला एका जुन्या मॅचबद्दल काही विचारलं. कीथ त्याच्याकडे वळला आणि सांगू लागला, त्या दिवशी वारा कसा होता, चेंडू कसा वळला. सांगता सांगता त्याचा हात वर गेला. त्याने तिकडे पाहिलंही नाही. दोर धरला आणि मालक वाजवतात तशी तीनदा घंटा वाजवली. वाक्य चालूच होतं. मग ते अर्ध्यावर थांबलं.

सगळ्या पबने कीथकडे पाहिलं.

ताई जिन्यातून वर आली. तिच्या हातात काही नव्हतं. हात कोरडे होते. ती केगपर्यंत गेलीच नव्हती. जिन्यात उभी होती.

"सहा वाजले होते, चिट्स," कीथ म्हणाला.

"हो."

"कोणी वाजवत नव्हतं."

"मालक खाली होती."

तो हसला. सोबत हसायला कुणी आहे का बघितलं. लोक भिंतीकडे बघत होते.

"अरे, मी आहे. कीथ. ही घंटा माझ्याएवढी कुणी वाजवली नसेल."

"म्हणजे नियम तुला माहीत आहे," ताई म्हणाली.

"गंमत करतेस."

"नाही."

खिडकीतून नॉर्मा बोलली. एक बाही अजून रिकामी लोंबत होती. "डॉइलनेही पब सोडल्यावर चुकून वाजवली होती, कीथ. कुणी सांगायच्या आत पिंपावर चढला. मी इथेच बसले होते."

"माझा गुडघा, नॉर्मा."

"डॉइलला हर्निया होता."

कुणीतरी हसलं. त्या हसण्याने कीथचं काम झालं. फुटबॉलच्या दोन पोरांनी पिंप लोटत आणलं. कीथने सगळ्यांकडे पाहिलं. या भिंतीवरच्या अर्ध्या लोकांना त्यानेच चढवलं होतं. नाही म्हणायची सोय त्याने स्वतःलाही ठेवली नव्हती. तो खुर्चीवरून पिंपावर चढला. बूट घालूनच. पोरांनी आधार दिला आणि मागे सरली. ताईने टोपी वर दिली.

"रुचा, फोन काढ," ती मराठीत म्हणाली. मी काढला.

कीथने हात पसरले. घशातून काहीतरी आवाज काढला. खोकल्यासारखा.

"मोठ्याने," ताई म्हणाली. "माझे बाबा मोठ्याने भुंकले होते."

कीथने खाली तिच्याकडे पाहिलं. मग बारच्या मागे भिंतीकडे. तिथून, वरून, तो फोटो त्याला अगदी समोर दिसत असणार.

"तो म्हातारा? तो तुझा बाप?"

"तुला सांगितलं होतं."

तो खरोखर आठवत होता. कपाळाला आठी पडली होती. "नाही आठवत, मेट," तो म्हणाला.

मला वाटलं, आता ताई थांबेल. किंवा ओरडेल.  इतकी वर्षं ती ज्याच्या खाली उभी राहिली, ते त्याच्या लक्षातही नव्हतं.

"भुंक," ती म्हणाली.

तो भुंकला. या वेळी मोठ्याने. शहरातून आलेल्या एका लहान मुलीने टाळ्या वाजवल्या आणि तिच्या आईने तिचे हात धरले. बाकी कुणी हसलं नाही. मी फोटो काढला.

मग कीथने उतरायला हात पुढे केला. मीच सगळ्यात जवळ होते.

"रुचा," ताई म्हणाली, "फोटो नीट आलाय का बघ."

मी फोनकडे पाहिलं. फोटो नीट आला होता. मान वर केली तेव्हा कीथ पिंपावर बसून, दोन्ही हात टेकत, घसरत खाली येत होता.

*

पुढच्या शनिवारी तो फोटो फ्रेम होऊन भिंतीवर होता. बाबांच्या उजवीकडे. खाली नवी पितळी पट्टी होती. 'कीथ. याला नियम माहीत होता.'

दुपारी कीथ आला. घंटेखालच्या स्टूलवर बसला नाही. बारपाशी उभा राहिला. फोटो वाचला, म्हणजे पट्टी वाचली. बराच वेळ.

"तो काढ ना, चिट्स. लोक बोलतात."

या क्षणासाठी तिने काय काय केलं होतं ते मला माहीत होतं. मी हातातला कपडा खाली ठेवला.

"घंटा मालकाची, भिंत मालकाची," ताई म्हणाली. "तू मालक झालास की काढ."

कीथने मान हलवली. थोडा विचार केला.

"चांगलं वाक्य आहे," तो म्हणाला. "कुणाचं?"

ताईने नळ ओढला, ग्लास भरला आणि त्याच्यापुढे सरकवला. पद्धतीचा पहिला ग्लास. तो ग्लास घेऊन तो खिडकीकडे गेला. नॉर्माने आपली पर्स दुसऱ्या खुर्चीवरून उचलली, पण खुर्ची ओढून दिली नाही.

गर्दी ओसरल्यावर ताई खुर्चीवर चढली आणि बाबांचा फोटो उतरवला. काच पुसली. पट्टीचे स्क्रू काढले आणि 'इंडियन सील' कचऱ्याच्या पिशवीत टाकलं. भिंतीवर एक फिकट चौकोन राहिला. शेजारी कीथ एकटाच तोंड वासून उभा.

"झालं," ती म्हणाली. पण ती बसेना. टेबलापाशी उभी राहून फोटोकडे बघत होती. मग तिने मिरजेला व्हिडिओ कॉल लावला.

आई दिसली. आधी कपाळ, मग छत. "अहो, चित्रा आहे! अहो! चष्मा घाला."

बाबा आले. आता खूप म्हातारे. खिशाला अजून पेन.

"काय गं?"

ताईने फोन भिंतीकडे वळवला.

बाबा बघत राहिले. आई मागून विचारत होती, कोण आहे, कोण आहे तो टोपीवाला. बाबांनी तिला हाताने गप्प केलं.

"तोच ना हा?"

"तोच."

"म्हातारा झाला."

"हो."

"स्वतः चढला की चढवला?"

"घंटा त्याने वाजवली, बाबा. चढवला मी."

"भुंकला?"

"दोनदा. पहिल्यांदा नीट नाही जमलं."

"हं."

 इतकी वर्षं 'मजा आली' म्हणणारा माणूस एकेक प्रश्न विचारत होता. आधीच लिहून ठेवलेल्या प्रश्नपत्रिकेसारखे. त्याने ती कधी कुणाला दाखवली नव्हती, एवढंच.

"जवळ घे," बाबा म्हणाले. "अजून. आता खाली घे. पाय दाखव."

ताईने फोन खाली नेला.

बाबांनी चष्मा वर करून पाहिलं, मग चष्मा नाकावर घेऊन पाहिलं.

"बूट आहेत."

"हो."

"पिंपावर बूट घालून चढला."

"हो, बाबा."

बाबा मागे टेकले. मुलाच्या पेपरात हवी ती चूक सापडल्यावर मास्तर हसतो, तसं हसले.

"माझा कुठाय?"

"काढला. आत्ताच. हा इथे, टेबलावर."

"परत लाव."

"बाबा, मी त्यासाठीच तर..."

"परत लाव म्हणतो ना. त्याच्या शेजारी. दोघांचे पाय एका रेषेत आले पाहिजेत. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे."

आई म्हणाली, "अहो, काय हे, या वयात!" बाबांनी ऐकलं नाही.

ताईने फोन माझ्या हातात दिला. मी दुसऱ्या हाताने खुर्ची धरली. ती चढली आणि फोटो पुन्हा खिळ्याला अडकवला. तिचे खांदे थरथरत होते. ती रडत होती की हसत होती, मला खालून दिसत नव्हतं. फोनमधून बाबांचा वर्गातला आवाज येत होता, "डावीकडची कड उचल. थोडी. अजून थोडी. हां, आता पाय बघ."